बाळापूरची लढाई : वऱ्हाडच्या भूमीवरील एक यादवी

अचलपुराहून नैऋत्येकडे साठएक मैलांवर, मन व म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर हे जुने गाव वसलेले आहे. तेथील किल्ला व मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून प्रसिद्ध असलेली छत्री पाहण्यास दूरदूरचे लोक जातात. परंतु त्याच परिसरात इ. स. १७२० च्या ऑगस्ट महिन्यात घोडदळाची एक मोठी लढाई झाली, हे फार थोड्यांस ठाऊक असते. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत पानिपत, प्लासी, असई ही नावे ठळकपणे येतात. बाळापूरचे नाव एखाद्या ओळीत येते न येते तोच पान उलटते. तथापि अचलपूर हे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे निजामाच्या वऱ्हाड सुभ्याचे ठाणे का राहिले, व वऱ्हाडच्या रयतेस दोन धन्यांची मर्जी का सांभाळावी लागली, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा याच लढाईपासून सुरू होतो. म्हणून ती आमच्या विद्यार्थी-मित्रांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही लढाई कोणाकोणाची, ते पाहू. परका शत्रू चालून आला व देशाच्या लोकांनी त्यास तोंड दिले, असा हा प्रकार नव्हता. एकाच बादशाहीचे सरदार, एकाच दरबारात कुर्निसात करणारे, एकमेकांवर तुटून पडले होते. अशा युद्धास आपल्या भाषेत यादवी म्हणतात. प्रभासक्षेत्री यादवांनी हाती लागेल ते एरका गवत उपटून आपल्याच भाऊबंदांचा नाश केला, त्या कथेवरून हा शब्द आला आहे. औरंगजेब बादशहा १७०७ मध्ये वारला, आणि मोगल बादशाहीस या यादवीचे ग्रहण लागले. गादीवर बादशहा बसत व उठत. खरी सत्ता बलिष्ठ अमिरांच्या हाती गेली.

या अमिरांत सय्यद अब्दुल्लाखान व सय्यद हुसेनअली हे दोघे भाऊ सर्वांत प्रबळ ठरले. त्यांनी १७१३ मध्ये फर्रुखसियरास तख्तावर बसविले आणि १७१९ मध्ये त्यासच पदच्युत करून पुढे ठार केले. या दुसऱ्या प्रसंगी बाळाजी विश्वनाथ पेशवा मराठी फौज घेऊन हुसेनअलीबरोबर दिल्लीस गेला होता. त्या वेळीच दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांस मिळाल्या. वऱ्हाड हा त्या सहांपैकी एक सुभा होय. सय्यदांच्या या वर्चस्वास विरोध करणाऱ्या अमिरांत मीर कमरुद्दीन, म्हणजेच निजामुल्मुल्क, हा मुख्य होता. तो त्या वेळी माळव्याचा सुभेदार होता. सय्यद आपणांस माळव्यातूनही काढणार, हे ओळखून त्याने १७२० च्या मे महिन्यात नर्मदा ओलांडली आणि तो दक्षिणेत उतरला.

निजामाने पहिली मोहीम कशी जिंकली, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशीरगड हा दक्षिणेचा दरवाजा समजला जाई. तो त्याने तोफा डागून घेतला नाही. गडावरील शिबंदीचा पगार कित्येक महिने थकला होता. तो देण्याची व्यवस्था होताच गड हाती आला. बऱ्हाणपूरही तसेच लढाईवाचून मिळाले. त्या शहरात सय्यदांच्या एका भावाची मुलेमाणसे प्रवासात अडकून पडली होती. जडजवाहीर घ्या पण आमची अब्रू राखा, असा त्यांचा निरोप आला असता निजामाने त्यांच्या वस्तूस हात लावला नाही व आपले स्वार सोबत देऊन त्यांस नर्मदेपर्यंत सुखरूप पोचविले. यादवीतही माणुसकी अगदीच लोपत नाही, याचे हे उदाहरण आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

याच सुमारास अचलपूरचा संबंध येतो. वऱ्हाड सुभ्याचा नाझिम इवजखान हा निजामाचा नातलग होता. तो आपली फौज घेऊन निजामास मिळाला. सय्यदांनी दोन बाजूंनी निजामास चेपण्याचा बेत केला होता. उत्तरेकडून दिलावरअलीखान कोटा व नरवर येथील रजपूत राजांसह येत होता. दक्षिणेकडून औरंगाबादेहून आलमअलीखान निघणार होता. दोघांची गाठ पडण्यापूर्वीच निजामाने जून महिन्यात बऱ्हाणपूर व खंडवा यांच्या दरम्यान दिलावरअलीस गाठले. त्या लढाईत दिलावरअली पडला, आणि त्याच्याबरोबर कोट्याचा भीमसिंग व नरवरचा गजसिंग हेही पडले. आता आलमअली एकटा राहिला.

हा आलमअली हुसेनअलीचा पुतण्या व मानलेला पुत्र. दक्षिणेचा कारभार चुलत्याच्या वतीने तो पाहत असे. वय अवघे वीस-बावीस वर्षांचे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ वारला व त्याचा पुत्र बाजीराव पेशवेपदावर आला होता. तोही विशीच्या आतच होता. १७१९ च्या कराराप्रमाणे मराठी फौज आलमअलीच्या मदतीस आली; शंकराजी मल्हार, खंडेराव दाभाडे इत्यादी मंडळी तीत होती. अनुभवी माणसांनी आलमअलीस सल्ला दिला की, हुसेनअली उत्तरेतून येईपर्यंत तोंडावर लढाई घेऊ नये. औरंगाबाद किंवा अहमदनगर धरून राहावे आणि मराठ्यांनी गनिमी काव्याने निजामाची रसद तोडावी. सल्ला शहाणपणाचा होता. पण मागे सरणे म्हणजे भिणे, असे त्या तरुणास वाटले. त्याने फर्दापूरचा घाट उतरून वऱ्हाडच्या रोखाने कूच केले.

पुढची हकीकत समजण्यास त्या काळचे घोडदळ कसे असे, हे समजून घेतले पाहिजे. आज सैन्यातील शिपायास कपडे, हत्यार व वाहन सरकार देते, आणि त्याचा पगार ठरल्या तारखेस होतो. अठराव्या शतकाच्या आरंभी तसे नव्हते. बादशहा सरदारास मनसब देई. सरदार आपल्या नावावर स्वार ठेवी. स्वारास बादशहा कधी दिसतही नसे. त्याचा अन्नदाता म्हणजे त्याचा सरदार. पुष्कळ स्वार स्वतःचा घोडा व स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येत. मराठी फौजेत अशांस शिलेदार म्हणत, व धन्याच्या घोड्यावर बसणाऱ्यास बारगीर म्हणत. शिलेदाराचा घोडा हीच त्याची जहागीर. तो मेला की त्याची चाकरीही गेली. मग घरी बायकामुलांनी काय खावे? शिवाय पगार क्वचितच वेळेवर मिळे. चार-सहा महिन्यांची बाकी प्रत्येकाच्या नावावर असे, आणि ती मिळण्याची आशा एका माणसाच्या जीवावर, म्हणजे सरदाराच्या जीवावर, अवलंबून असे.

लढाईत सरदार हत्तीवरील हौद्यात बसे, त्याचे कारणही हेच. हत्तीवरून त्यास रणांगण दिसे, हे खरे. परंतु त्याहून महत्त्वाचे हे की, तो सर्वांस दिसे. धुळीच्या लोटात व बंदुकांच्या धुरात स्वार वारंवार मान वळवून हौद्याकडे पाही. हौदा भरलेला आहे तोवर लढाई चालू. हौदा रिकामा झाला की सर्व संपले. सामूगढच्या रणावर १६५८ मध्ये दारा शुकोह हत्तीवरून उतरून घोड्यावर बसला, आणि धनी पडला असे समजून त्याची फौज उधळली. पुढे १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव पडला व भाऊसाहेबाचा हौदा रिकामा दिसला, तेव्हा मराठ्यांचाही धीर सुटला. बाळापुरास काय झाले, ते याच मालिकेतील होय.

आता रणभूमीकडे वळू. पावसाळा भर भरात होता. वऱ्हाडच्या पयनघाटातील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात लोण्यासारखी होते, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याच्या मुलास ठाऊक आहे. पूर्णा नदी दुथडी भरून वाहत होती. उत्तर तीरावर निजाम, दक्षिण तीरावर आलमअली. नदी उतरता येईना. अखेर इवजखानाच्या खटपटीने व आसपासच्या जमीनदारांच्या माहितीवरून चौदा-पंधरा कोसांवर एक उतार सापडला, आणि निजामाची फौज पलीकडे गेली. ज्यास मुलखाची वाट ठाऊक, त्यास अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. वऱ्हाडचा नाझिम आपल्या पक्षास असल्याचा हा पहिला लाभ निजामास झाला.

तथापि नदी उतरल्यावरही त्याचे हाल संपले नाहीत. पावसाची झड लागली होती. चिखलात तोफांचे बैल रुतत, घोडे गुडघाभर बुडत. मराठी स्वार छावणीभोवती घिरट्या घालून दाण्यावैरणीची वाट अडवीत. धान्य अतिशय महाग झाले. जनावरांस झाडांचा पाला खाऊ घालण्याची पाळी आली. आलमअलीने या वेळी वडिलधाऱ्यांचा सल्ला मानून आणखी काही आठवडे वाट पाहिली असती, तर निजामाची फौज उपाशीपोटी फुटली असती, असे म्हणण्यास जागा आहे. पण निजाम बाळापुराच्या बाजूस सरकला, तेथे त्यास थोडी दाणावैरण मिळाली, आणि पावसाने उघडीप देताच दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. रमजानची ईद नुकतीच होऊन गेली होती. दोन्ही छावण्यांत तीच नमाज पढली गेली होती, आणि दोन्हीकडचे सेनापती एकाच बादशहाचे नाव घेत होते.

१० ऑगस्ट १७२० रोजी बाळापुरापासून दोन-तीन कोसांवर लढाई जुंपली. प्रथम तोफा व बाण सुटले. मग घोडदळाचे हल्ले सुरू झाले. आलमअलीच्या पक्षाचे सय्यद शौर्यासाठी प्रसिद्ध होते. घोडदौडीने समोरच्या रांगा फोडाव्या, आणि निकराच्या घटकेस घोड्यांवरून उतरून तलवारीने मरेमारेपर्यंत लढावे, ही त्यांची रीत. निजामाच्या तुराणी स्वारांची रीत निराळी होती : दुरून तिरंदाजी करावी, दाब पडला तर मागे सरावे, व शत्रू विस्कळीत झाला की पुन्हा वळावे. आलमअली स्वतः हत्तीवर बसून सर्वांच्या पुढे घुसला. मराठी पथकांनीही निकराचा झगडा केला. दाभाड्यांच्या हाताखालील दमाजी गायकवाडाने या लढाईत जे शौर्य गाजविले, त्याबद्दल त्यास पुढे समशेर बहाद्दर हा किताब मिळाला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याच्या उदयाचा आरंभ असा आपल्या वऱ्हाडच्या मातीत झालेला आहे.

परंतु आलमअलीचे कित्येक सरदार मनातून डळमळीत होते. त्यांनी जीव तोडून हल्ला केला नाही. पुढे घुसलेला तरुण सेनापती थोड्या माणसांनिशी एकटा पडला. त्यानंतरचे वर्णन खाफीखान या इतिहासकाराने केले आहे. तो निजामाच्या पदरी राहिलेला, म्हणून त्याने प्रतिपक्षाची केलेली स्तुती अधिकच विश्वसनीय मानली पाहिजे. तो सांगतो की, बाण व गोळ्या यांचा वर्षाव सहन न होऊन आलमअलीचा हत्ती मागे फिरला. रक्ताने न्हालेल्या आलमअलीने हौद्यातच शत्रूकडे तोंड केले, आणि पाठ फिरविली ती हत्तीने, आपण नव्हे, असे ओरडून सांगितले. भात्यातील बाण संपले, तेव्हा स्वतःच्या अंगात व हौद्यात रुतलेले बाण उपटून तो तेच शत्रूवर सोडू लागला. असा लढता लढता तो पडला. त्याची फौज क्षणात पांगली. घायाळ शंकराजी मल्हार शत्रूच्या हाती सापडला. तोफा व हत्ती निजामास मिळाले. औरंगाबादेस हुसेनअलीचा परिवार होता, त्याने दौलताबादच्या किल्ल्यात आश्रय घेतला.

येथे विद्यार्थ्यांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा. सेनापती इतका शूर, मग फौज का पळाली? ते सर्व स्वार भ्याड होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. सकाळपासून चिखलातून दौडणारे, तोफांच्या तोंडी जाणारे लोक भ्याड नसतात. परंतु आलमअली पडताच त्यांच्या पगाराची बाकी बुडाली, आणि घोडा तेवढा हाती उरला. कोणासाठी लढावे? बादशहासाठी म्हणावे, तर निजामही बादशहाचाच सुभेदार. गावासाठी म्हणावे, तर त्यांचे गाव शेकडो कोस दूर. म्हणून ते पळाले, आणि त्यांतील कित्येक सरदार लवकरच निजामाच्या चाकरीत रुजू झाले. अशीरगडच्या शिबंदीने जे केले, तेच येथे घोडदळाने केले. ज्या फौजेचे इमान एका माणसापुरते असते, ती त्या माणसाएवढीच टिकते.

याच्या उलट उदाहरण दूर शोधावयास नको. संभाजी महाराजांस औरंगजेबाने १६८९ मध्ये ठार केले. राजाराम महाराज १७०० मध्ये निवर्तले. तरी मराठ्यांचे युद्ध थांबले नाही. राजधानी गेली, खजिना नव्हता, आणि तरीही संताजी, धनाजी व गावोगावचे शिलेदार लढत राहिले. कारण त्यांस राखावयाचे होते ते आपले घर, वतन व राज्य. हौद्यातील एक माणूस नव्हे. इंग्लंडच्या यादवी युद्धातही हेच दिसते. १६४५ मध्ये नेसबीच्या लढाईत राजपक्षाचा रूपर्ट याचे स्वार समोरची फळी फोडून शत्रूच्या सामानाकडे धावत सुटले. क्रॉमवेलचे स्वार मात्र पहिला हल्ला जिंकल्यावर थांबले, पुन्हा रांगेत आले, आणि मध्यभागी लढणाऱ्या पायदळावर वळले. त्या दिवशी राजाचा पक्ष खचला. क्रॉमवेलच्या सैन्यास पार्लमेंटने नियमित पगार व कडक शिस्त लावून दिली होती. धावण्यास धैर्य लागते. थांबून पुन्हा रांगेत येण्यास शिस्त लागते.

बाळापूरच्या लढाईने सय्यदांचा पाया ढासळला. हुसेनअली दक्षिणेकडे निघाला असता ऑक्टोबर १७२० मध्ये वाटेतच मारला गेला. नोव्हेंबरात अब्दुल्लाखानाचा पराभव होऊन तो कैदेत पडला. पण यादवी संपली काय? नाही. बाळापूरच्या विजयानंतर निजामाच्या अभिनंदनास जे आले, त्यांत हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान हा एक होता. चारच वर्षांनी दिल्लीच्या दरबाराने त्याच मुबारिजखानास निजामाविरुद्ध उभे केले. ऑक्टोबर १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे दोघांची लढाई झाली; मुबारिजखान व त्याचे दोन पुत्र ठार झाले. १७२० मध्ये निजामाविरुद्ध लढलेले मराठे या वेळी त्याच्या मदतीस होते, आणि १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने निजामासच कोंडीत धरले. विजयाची खूण म्हणून निजामाने साखरखेर्ड्यास फत्तेखेर्डा हे नाव दिले, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. दिल्लीच्या बादशहाने १७२५ मध्ये निजामास आसफजाह ही पदवी देऊन झालेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले.

अशा रीतीने दक्षिणेत निजामाचे घराणे स्थिर झाले, आणि वऱ्हाडचा कारभार अचलपुराहून इवजखान पाहू लागला. त्याच्या मागून आलेला सुजाअतखान हा नागपूरच्या रघूजी भोसल्याशी लढताना आपल्या जवळच्याच भूगावापाशी मारला गेला. तेव्हापासून वऱ्हाडात दुअंमल सुरू झाला : नावाचा धनी निजाम, पण वसुलाचा मोठा वाटा भोसल्यांचा. खळ्यावर धान्याची रास पडली की एका बाजूस एकाचा कारकून, दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा. बाळापूरचा जो किल्ला आज आपण पाहतो, तो अचलपूरच्या इस्माईलखान नबाबाने १७५७ मध्ये पुरा केला. म्हणजे लढाई झाली तेव्हा त्या भिंती अशा उभ्या नव्हत्या. उभी होती ती श्रावणातील पिके. दोन्हीकडच्या हजारो घोड्यांनी पूर्णेकाठची कोवळी ज्वारी व कपाशी तुडविली असेल. त्या शेतकऱ्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत, आणि त्या लढाईत हरणे त्यांच्याच वाट्यास आले.

आमच्या विद्यार्थ्यांनी आलमअलीचे शौर्य अवश्य आठवावे. आपल्या अंगातील बाण उपटून लढणारा तरुण विसरण्यासारखा नाही. परंतु त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे की, त्याच्या शौर्याने त्याची फौज वाचली नाही. वडिलधाऱ्यांचा सल्ला त्याने मानला असता, आणि त्याच्या स्वारांस धन्याच्या जीवाहून मोठे असे काही राखावयाचे असते, तर इतिहास निराळा झाला असता. शाळा काय, गाव काय, देश काय, सर्वांसच ही कसोटी लागू आहे. पुढारी चांगला असावा, हे खरेच. पण तो नसला तरी आपापल्या जागी ठाम उभी राहतील अशी माणसे तयार करणे, हे त्याहून मोठे काम आहे, आणि त्याची सुरुवात शाळेच्या बाकावरच होते.